शेजारच्या बांधकामानं वई काढली तर: हाताशी काय काय ठेवायचं

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो. "अरे, खालची वई काढलीनी सगळी. मी देवपूजेला बसले होते. उठून बघते तर पलीकडची माणसं सरळ दिसतायत." आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाच्या कडेला, आता नगरपरिषदेच्या हद्दीत आलेलं. परड्याच्या खालच्या अंगाला आजोबांच्या वेळची वई, म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण, होतं. निगडी, कडू मेंदी, मध्ये आधाराला पांगाऱ्याचे खुंट आणि टोकाला दोन रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं. शेजारच्या जागेत इमारत उठत होती. जेसीबीनं तासा-दीड तासात पन्नास-साठ वर्षांचं कुंपण मुळासकट उचललं.

मी लगेच बिल्डरला फोन लावून भांडलो. संध्याकाळपर्यंत त्यांनी उरलेली मुळं काढून माती सपाट करून टाकली होती. म्हणून ही यादी या गोष्टीपासून सुरू करतो: कुणालाही फोन करायच्या आधी जागा जशी आहे तशी पकडून ठेवा. वई गेली तरी तिची रेघ काही तास, कधी काही दिवस, जमिनीवर असते. पुढचा सगळा वाद त्या रेघेवर उभा राहतो.

हाताशी मोबाइल, लांब मोजपट्टी, वही आणि गावातली दोन जाणती माणसं हवीत. आधी न थांबता एक सलग व्हिडिओ घ्या, घराच्या दारापासून चालत वईपर्यंत आणि वईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे ही जागा कुठली असा प्रश्न नंतर कुणी काढणार नाही. मग एकेका खड्ड्याचा, तुटलेल्या मुळाचा, उरलेल्या बुंध्याचा जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. त्यानंतर अंतरं. घराचा कोपरा, विहिरीचा काठ, विजेचा खांब अशा न हलणाऱ्या दोन ठिकाणांपासून प्रत्येक बुंध्यापर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. दोन ठिकाणांपासूनची अंतरं असली की तो बिंदू कागदावर पुन्हा काढता येतो, एकापासून काढता येत नाही. जेसीबीचा आणि माती वाहणाऱ्या डंपरचा नंबर, मुकादमाचं नाव आणि साइटवरच्या फलकावर लिहिलेला परवानगी क्रमांक हेही टिपा. रस्त्यापलीकडच्या दुकानात कॅमेरा असेल तर त्याच दिवशी जाऊन विनंती करा, कारण त्यावरचं चित्रण थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मूळ काढून टाकू नका. तिथे फोटो दाबला जातो आणि तारखेची, जागेची आतली नोंद निघून जाते. कुणाला पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोनमध्ये राहू द्या. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे अशा फोटो-व्हिडिओंसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा मसुदा वकील करून देतात, पण त्यांना मूळ फाइल लागते.

पंचनाम्यासाठी सरकारी माणूस येईलच असं धरून चालू नका. तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज जरूर द्या, पण त्याच दिवशी साध्या कागदावर आपला एक पंचनामा करून ठेवा. कुठली झाडं होती, किती होती, कुठून कुठपर्यंत होती, आज काय उरलं आहे. खाली दोन-तीन शेजाऱ्यांच्या सह्या, तारीख आणि वेळ. आमच्याकडे वरच्या घरचे अण्णा आले. त्यांनी लहानपणी त्याच वईत शिरून रातांबे काढलेले. ते काठी टेकत चालत गेले आणि पहिला रातांबा कुठे होता ते पाय रोवून दाखवलं. त्या जागी आम्ही खुंटी ठोकली. असा माणूस तुमच्या गावात असेल तर त्याला त्याच दिवशी बोलवा, आठवड्यानं नको.

हे झालं की मग बिल्डरशी बोला, आणि तेही लेखी. भांडणाचा एक शब्द नको. अमुक तारखेला अमुक वेळी आमच्या ताब्यातलं कुंपण विनापरवानगी काढलं, त्या पट्ट्यात पुढचं काम थांबवा, माती हलवू नका, इतकंच. पत्र कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा, साइटवरच्या सुपरवायझरच्या हातात देऊन थांबू नका. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचल्याचा पुरावा मागून घ्या.

आता जुनी कागदपत्रं. सातबारा, नगर भूमापन झालं असेल तर प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, घरपट्टीचा आकारणी उतारा, खरेदीखत किंवा वाटणीपत्र. खरेदीखतातली चतु:सीमा नीट वाचा, कधी कधी तिथे वईचा किंवा गडग्याचा (दगडी कुंपणाचा) स्पष्ट उल्लेख असतो. कोकणात मोठी अडचण नावांची असते. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, खाली सहहिस्सेदारांची रांग, निम्मे मुंबईला, दोघं गेलेले. वारस नोंद राहिली असेल तर तिचा अर्ज आजच टाका. बाकीच्या हिस्सेदारांची संमतीपत्रंही गोळा करायला घ्या. वाद रंगात आल्यावर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

वईचा पुरावा मात्र सरकारी कागदात क्वचितच मिळतो, तो घरातल्या अल्बममध्ये मिळतो. आमच्याकडे बहिणीच्या साखरपुड्याचा फोटो निघाला. मांडवामागे निगडीची हिरवी भिंत, आणि कडेला विहिरीचा रहाट. रहाटामुळे जागा नक्की झाली. तुम्हीही मुंजी, सत्यनारायण, गणपतीचे फोटो काढून बघा, आणि ज्यात वईसोबत एखादी पक्की वस्तू दिसते तेवढेच बाजूला ठेवा. वई दरवर्षी नीट करायला येणाऱ्या गड्याला दिलेल्या मजुरीची वहीतली नोंदही कामाची. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं पाहता येतात. त्यातली मार्च-एप्रिलची निवडा, कारण गवत वाळलेलं असतं आणि वईची हिरवी रेघ उठून दिसते. पावसाळ्यातल्या चित्रात सगळंच हिरवं.

मोजणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. वई म्हणजे हद्द, असं आपण धरून चालतो. वई हा वहिवाटीचा, म्हणजे प्रत्यक्ष वापराचा, पुरावा आहे. हद्द अभिलेखात असते, आणि ती दोन्ही रेघा जुळतीलच असं नाही. आमची वई एका टोकाला आमच्या हद्दीच्या दोन हात आत होती आणि दुसऱ्या टोकाला वीतभर बाहेर. हे आधी कळलं असतं तर पहिल्या पत्रात मी "आमच्या हद्दीतली" असं ठामपणे लिहिलं नसतं, "आमच्या ताब्यातली" असं लिहिलं असतं. तुम्ही तेच लिहा.

हद्द कायम मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. बांधकाम चालू असेल तर द्रुतगतीचे जास्तीचे पैसे भरा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यात बिल्डरचं आणि मूळ जागामालकाचं, दोघांचीही नावं आहेत ना ते बघा. मोजणीच्या दिवशी झाडोरा साफ केलेला हवा. एक गडी, चुना, हद्दीवर पुरायला दगड आणि तुम्ही स्वतः. चाकरमान्यांनी रजा काढावीच, आई-वडिलांवर हा दिवस सोडू नये. भूकरमापक (सरकारी मोजणीदार) आले की त्यांना पहिल्या दिवशी ठोकलेल्या खुंट्या, उरलेले बुंधे आणि वहीतली अंतरं दाखवा, आणि अभिलेखाच्या हद्दीबरोबर जागेवरची वहिवाटही नकाशात दाखवावी असं जबाबात लिहून द्या. वई समोर नसेल तर रोव्हर (उपग्रहावर चालणारं मोजणीचं यंत्र) घेऊन आलेल्या माणसाला ती कुठे होती हे कळायला दुसरा मार्ग नसतो. समोरचा बोट दाखवेल ती वहिवाट ठरते. जबाब पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. पटलं नाही तर हरकतीसह सही करता येते. नंतर मोजणी नकाशाची क प्रत घ्या. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा, मार्ग आहे.

बिल्डरचे कागद मिळवणं वाटतं तितकं अवघड नाही. प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात, नोंदलेला असेल तर मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र संकेतस्थळावर बघता येतं. नसेल तर नगरपरिषदेत माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. नकाशात बघायचं ते बाजूचं सामासिक अंतर. इमारत आणि प्लॉटची हद्द यांत ठरावीक मोकळी जागा सोडावी लागते. आखणी चुकून इमारत तुमच्या बाजूला सरकली असेल तर ते अंतर कमी भरतं, आणि मग शेजाऱ्याची वई दोन फूट मागे ढकलण्याचा मोह होतो. दर वेळी हेच कारण असतं असं नाही. कधी नुसती जेसीबी वळवायला जागा हवी असते. पण मोजून बघा. अंतर कमी निघालं तर नगरपरिषदेकडे करायच्या तक्रारीत वजन येतं.

झाडांची यादी कुंपणापासून वेगळी करा. नागरी हद्दीत 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू असतो आणि झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस अशी झाडं येतात. प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर किंवा उरलेल्या बुंध्याचा व्यास आणि अंदाजे वय लिहा. फळझाड असेल तर वर्षाला काय मिळायचं तेही. आमच्या दोन रातांब्यांवर आईची वर्षाची आमसुलं आणि आगळ व्हायचं. तिनं बरण्यांचा हिशेब तोंडपाठ सांगितला, तो तसाच लिहून घेतला.

पोलीस ठाण्यात अर्ज द्या. नासधूस आणि अतिक्रमणासाठी भारतीय न्याय संहितेत कलम 324 आणि 329 आहेत. "ही दिवाणी बाब आहे" असं उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे. तरी अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय उठू नका. तुम्ही गप्प बसला नव्हता, एवढं त्या पोचेवरून दिसतं.

दिवाणी वकिलाकडे जाताना हे सगळं तारीखवार लावून न्या, आणि शक्यतो पहिल्याच आठवड्यात जा. त्या पट्ट्यात भिंतीचा पाया खणायला घेतला असेल तर मोजणीची वाट बघत बसू नका. तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज क प्रतीशिवायही करता येतो, आणि जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमण्याची विनंतीही करता येते. जमिनीचा ताबाच गेला असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम 6 खालचा दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही, आधीचा ताबा दाखवावा लागतो, आणि वईचे फोटो तिथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. बिल्डर आपल्याआधी कोर्टात जाईल असं वाटलं तर कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करा, ते नव्वद दिवस चालतं.

वकिलाकडे जायच्या आधी घरात बसून एक ठरवा: आपल्याला नेमकं काय हवं आहे? जमीन, झाडांची भरपाई, नवी वई की पक्की भिंत? आमच्या घरात तीन माणसांची तीन उत्तरं निघाली. शेवटी आईचं ऐकलं. तिला भिंत नको होती, कारण आमचा उतार खालच्या अंगाला आहे. मुळांनी माती धरलेली होती, आणि भिंतीला पाणी जायला भोकं ठेवली नाहीत तर जुलैमध्ये परड्यात तळं होणार.

तडजोड करायची तर इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगी, मिळायच्या आत करा. सदनिकांचा ताबा दिला गेला, सोसायटी झाली, की बिल्डर पुढच्या साइटवर जातो आणि ज्यांचा यात काही दोष नाही अशा तीस कुटुंबांशी वाद घालायची वेळ येते. तडजोडीचा कागद स्टॅम्प पेपरवर, क प्रत जोडून, कंपनीच्या अधिकृत माणसाच्या सहीचा हवा. त्यात हद्दीचे दगड कोण पुरणार, माती कोण भरणार, रोपं कुठली, हद्दीपासून किती आत, आणि जगली नाहीत तर पुन्हा कोण लावणार हे सगळं लिहा.

कागद होईपर्यंत त्या जागी काही लावू नका. मलाही मे महिन्यात नवी रोपं लावायची घाई झाली होती, वकिलांनी थांबवलं. जूनचा पहिला पाऊस पडला आणि आठ दिवसांनी आईचा फोन आला. सपाट केलेल्या मातीतून निगडी फुटली होती, कारण खोल गेलेली मुळं जेसीबीला सापडली नव्हती. शनिवारी घरी पोचलो. फुटवे बोटभर उंचीचे, जुन्या वईच्या रेघेत, अण्णांच्या खुंटीपासून विहिरीकडे. आईनं प्रत्येकाला काठी लावून ठेवली होती. तेवीस काठ्या. विहिरीच्या काठापासून मोजपट्टी धरली, एकेकाचं अंतर वहीत लिहिलं आणि फोटो त्याच रात्री वकिलांना डॉक्युमेंट म्हणून पाठवले.