स्टेंटनंतर दुसरं ऑपरेशन? गोळ्या थांबवताना या चुका टाळा

अँजिओप्लास्टीत हृदयाच्या नळीत स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवून वर्षही झालेलं नसतं आणि काकांच्या हर्नियाची तारीख ठरते. इकडे इंदूरला सूचना बरेचदा दवाखान्याच्या काउंटरवरून हिंदीत, एका दमात मिळते: ‘खून पतला करने वाली गोली पाँच दिन पहले बंद.’ कोणती गोळी, हे ना सांगणारा सांगतो, ना ऐकणारा विचारतो.

आता घरातली स्ट्रिप हातात घ्या. बऱ्याच जणांना इकोस्प्रिन गोल्डसारखी एकत्र कॅप्सूल दिलेली असते. मागचं बारीक अक्षर वाचलं तर त्यात अ‍ॅस्पिरिन ७५ मिलीग्रॅम, क्लोपिडोग्रेल ७५ मिलीग्रॅम आणि कोलेस्टेरॉलचं अ‍ॅटोरव्हास्टॅटिन अशी तीन औषधं सापडतात. सर्जनला थांबवायचं असतं क्लोपिडोग्रेल. काका कॅप्सूलच बंद करतात आणि तिन्ही औषधं एकदम सुटतात. खरं तर अ‍ॅस्पिरिन बहुतेक ऑपरेशनांत चालूच ठेवतात. मेंदू, मणका अशा ठिकाणी, जिथे थोडासा रक्तस्रावही महागात पडतो, तिथे वेगळा विचार होतो. स्टॅटिन थांबवायचं तर कारणच नसतं. तेवढ्या दिवसांसाठी अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन सुटं लिहून मागा. दवा बाजारात काय, गल्लीतल्या मेडिकलवरही मिळतं. शिवाय पाच दिवसांचा हिशेब क्लोपिडोग्रेलचा. त्याच्याऐवजी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी टिकाग्रेलोर साधारण तीन ते पाच दिवस आधी थांबवतात, प्रासुग्रेल सात.

पण त्याआधीचा प्रश्न असा, की ऑपरेशन आत्ताच हवं का? औषध लावलेला स्टेंट बसवल्यावर त्याच्या जाळीवर आतलं अस्तर चढायला वेळ लागतो. तोवर उघड्या धातूवर गुठळी धरू शकते, आणि ऑपरेशनच्या ताणाने रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती आणखी वाढते. अशा वेळी गोळ्या थांबल्या आणि स्टेंट बंद पडला, तर थेट हार्ट अटॅक. म्हणून थांबता येण्याजोगं ऑपरेशन साधारण ६ महिने पुढे ढकलतात. स्टेंट हार्ट अटॅकमुळे बसवला असेल तर १२ महिने. कॅन्सरसारख्या रेंगाळू न देण्याच्या आजारात ३ महिन्यांनंतर विचार होतो, पहिल्या महिन्यात मात्र जीवावर बेतल्याशिवाय कुणी हात लावत नाही. न दुखणारा, आत ढकलता येणारा हर्निया कुठे पळून जातोय? उलट तो अडकला, अपेंडिक्स फुटलं किंवा खुब्याचं हाड मोडलं, तर महिने मोजत घरी बसायचं नाही.

‘गोळीऐवजी पोटात इंजेक्शन घेऊ’ हाही एक लाडका गैरसमज. ते इंजेक्शन हेपारिनचं असतं; ते प्लेटलेटवर, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तकणांवर, या गोळ्यांसारखं काम करत नाही, त्यामुळे स्टेंटला ते संरक्षण मिळत नाही. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी वेगळ्या प्रकारची गोळी घेणाऱ्यांचं गणित निराळं, त्यांचा सल्ला स्वतःला लावू नका.

दात काढायला किंवा मोतीबिंदूला तर सहसा काहीच थांबवावं लागत नाही. फक्त डॉक्टरांना आधी सांगा.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. स्टेंट बसवला पुण्याला, मुलाकडे असताना. फाइल तिथेच कपाटात. इथला सर्जन विचारतो, ‘कब डला था?’ आणि काका म्हणतात, ‘दिवाळीच्या आसपास.’ एवढ्यावर कुणी निर्णय कसा घ्यावा? स्टेंट कार्ड आणि डिस्चार्ज कागदाचा फोटो मुलाकडून मागवा: तारीख, कोणती नळी, किती स्टेंट, अटॅक आला होता की नाही. आणि सर्जन व कार्डिओलॉजिस्ट यांचं आपसात बोलणं होऊ द्या. निरोप्याचं काम पेशंटने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायला विसरणं ही सगळ्यात मुकाट घडणारी चूक. रक्तस्राव आटोक्यात असेल तर ती बहुधा २४ ते ४८ तासांत सुरू करतात. सुट्टी मिळताना कागदावर तिचं नाव आणि तारीख नसेल तर तिथेच विचारा. दुखण्यासाठी घरातली आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, तिच्यामुळे अ‍ॅस्पिरिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

गोळ्या चुकून आधीच बंद केल्या असतील तर आजच कार्डिओलॉजिस्टला फोन लावा. भरपाई म्हणून दुप्पट डोस नको. छातीत दाब, घाम, धाप असेल तर गॅसची गोळी देत बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा आणि दारातच सांगा: स्टेंट आहे, गोळ्या बंद होत्या.