गोव्यात स्वस्तातलं कॅसिनो-हॉटेल? या चुका टाळा

डिसेंबर लागला की फोन सुरू. "तू दरवर्षी जातोस ना गोव्याला? कॅसिनोवालं हॉटेल सांग की एखादं, स्वस्तातलं." मी सांगतो. ऐकत कुणी नाही. परत आल्यावर मात्र त्याच रडकथा मलाच ऐकाव्या लागतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे, हॉटेलात कॅसिनो आहे म्हणजे तिथे सगळं खेळायला मिळणार, असं धरून चालणं. गोव्याच्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली ती पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची मशिनं ठेवायला. पत्ते वाटणारा माणूस, टेबलं, हे सगळं १९९६ च्या दुरुस्तीनं आलं आणि तेही पाण्यावरच्या जहाजांसाठी. म्हणून तर पणजीला मांडवीत एवढ्या बोटी उभ्या आहेत.

हे मी माझ्या मेहुण्याला सांगितलं होतं. पण त्यानं मोबाईलवर "कॅसिनो फ्री" असं वाचलं आणि कांदोळीकडचं एक मोठं हॉटेल तीन रात्रींसाठी भरून टाकलं. पहिल्याच रात्री अकराला फोन. "दाजी, इथं माणूसच नाही हो. नुसते डबे आहेत. बटण दाबा, दिवे लागतात." त्याला तीन पत्ती खेळायची होती. मग रात्रीच टॅक्सी करून पणजी, तिथे दोघांचं प्रवेशाचं पॅकेज वेगळं, पहाटे परतीची टॅक्सी, वर थांबल्याचे पैसे. सकाळी उठले साडेअकराला. म्हणजे खोलीच्या भाड्यात धरलेला नाश्ता पण गेला. शिवाय खोलीचं भाडं रात्रीला साडेसात हजारांच्या वर गेलं की जीएसटी ५ चा १८ टक्के होतो, तो भुर्दंड तीन रात्रींचा.

मी पणजीत मळ्यात साधी खोली घेतो (मळा हे वस्तीचं नाव आहे, शेत नव्हे). संध्याकाळी चालत जेट्टीवर, तिथून छोट्या बोटीनं जहाजावर, पहाटे चालत परत. टॅक्सीचा संबंधच नाही. हॉटेल आणि बोट मिळून पॅकेज घ्यायचंच असेल तर कुठली बोट, कुठला वार, दोघांचा प्रवेश धरलाय का, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. तोंडी "हो सर, सगळं इन्क्लुडेड" याला काडीचा अर्थ नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक ओटीपी चिप्सची. हा बँकेचा ओटीपी नव्हे, वन टाइम प्ले; आणि चिप्स म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायचे बिल्ले. प्रवेशाच्या पैशांत ज्या चिप्स देतात त्या बहुतेक याच असतात. अशी चिप एकदाच लावायची. हरलात तर गेली, जिंकलात तर जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये मिळते. काउंटरवर नेऊन तिचे रोख पैसे होत नाहीत. तरी लोक "तीन हजार भरले, दोन हजारांच्या चिप्स परत आल्या, म्हणजे हजारातच झालं" असा हिशोब करतात. कोल्हापूरच्या एका मित्रानं तर शेवटपर्यंत जपून ठेवल्या आणि पहाटे वटवायला रांगेत उभा राहिला. खिडकीतल्या मुलीनं त्या एका बोटानं परत सरकवल्या. त्याचं तोंड मला अजून दिसतं.

मी काय करतो? आधी रूलेटच्या, म्हणजे आकड्यांवर गोळी फिरते त्या चाकावर शून्य किती आहेत ते मोजतो. एक असेल तर ३७ खाने, दोन असतील तर ३८. एक शून्य म्हणजे लावलेल्या शंभरामागे सरासरी २.७ रुपये कॅसिनोचे, दोन म्हणजे ५.२६. एक शून्यवालं टेबल मिळालं की ओटीपी चिप्स लाल किंवा काळ्यावर लावून मोकळा होतो. हाताला लागेल ते खिशात, आणि मग बुफे. खिशातून नव्या चिप्स घेत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी ४० टक्के झालाय, आता तर नाहीच नाही. "गेलेले काढतो आणि उठतो" म्हणणारे नवखे मी सकाळी सहाला त्याच खुर्चीत पाहिलेत.

चप्पल आणि हाफ पँट घालून जाऊ नका, दारातूनच परत पाठवतात.

वय २१ पूर्ण हवं आणि ओळखपत्र जवळ हवं. म्हापशाच्या मावसभावाला बरोबर नेण्याचा बेत असेल तर विसरा. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना खेळायच्या जागेत बंदी आहे.

मुंबईहून रेल्वेनं येत असाल तर पणजीसाठी करमळीला उतरा. मडगावपर्यंत जाऊन तीस-बत्तीस किलोमीटर मागे येणारे दरवर्षी भेटतात.

जेट्टीच्या रस्त्यावर "सर, डिस्काउंट पास" म्हणणाऱ्यांकडे बघूसुद्धा नका.

फुकटची दारू सर्वांत महाग. पुढचं मी बोलत नाही.

आणि तारखा. नाताळ ते नववर्ष गोव्यात स्वस्त काहीच नसतं. जानेवारीचा दुसरा आठवडा, सोमवार ते गुरुवार, हवा तीच, समुद्र तोच, खोली निम्म्यात. बोटीचं पॅकेजही शुक्रवार-शनिवारपेक्षा कमी. २६ जानेवारीला जोडून सुट्टी येत असेल तर तो आठवडा सोडा. थंडीचं म्हणाल तर स्वेटर घरीच ठेवा, गोव्यात रात्रीही वीसच्या आसपास असतं, थंडीच हवी तर पुण्यात बसा.

हे सगळं मेहुण्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलंय: "दाजी, २४ डिसेंबर ते १ जानेवारी. आठ रात्री. स्वस्तातलं बघा."