विड्याच्या पानांचा वास घरच्या घरी कसा कम्पेअर करायचा

नाशकात भद्रकालीच्या बाजारात नाहीतर ओळखीच्या पानवाल्याकडून कपुरी, बंगला, मघई आणि मिठा या जातींची पानं एकाच दिवशी घ्या. शिळं पान ताज्याशी लावून बघण्यात काही अर्थ नाही. कोवळं आणि जून पानही मिसळू नका, एकाच वेलीच्या दोन पानांत वासाचा फरक पडतो.

पानं पुसून कोरडी करा, देठ काढा, किचनच्या काट्यावर प्रत्येकी ५ ग्रॅम मोजून हातानेच फाडा आणि झाकणाच्या काचेच्या बरण्यांत टाका, बरण्यांना फक्त नंबर द्या, नावं नको, आणि वास दुसऱ्याला घ्यायला सांगा, कारण नाव माहीत असलं की नाक आपोआप हवं तेच शोधतं. दहा मिनिटं बंद ठेवून मग उघडायच्या. शेजारी लवंग आणि बडीशेप ठेवा. लवंगेसारखा झणका आला तर युजेनॉल, म्हणजे लवंगेला वास देणारं द्रव्य, समजा; बंगला पानात हे भरपूर असतं. मिठा पानात बडीशेपेला वास देणारा अ‍ॅनेथॉल सापडतो, म्हणून ते खाताना गोड वाटतं.

नाकाला आकडे कळत नाहीत हे मात्र खरं. त्यासाठी पानांतून पाण्याची वाफ सोडून, ती गार करून तेल काढतात आणि जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) मशीनवर त्यातले घटक वेगळे करून ओळखतात. कॉलेजात कोणी हा प्रोजेक्ट करत असेल तर एक बघा, रिपोर्टमधले टक्के हे तेलातले असतात, पानातले नाही, त्यामुळे किती पानातून किती तेल निघालं ते लिहिल्याशिवाय दोन जातींची तुलना अर्धवटच राहते.