समईची वात, तेल आणि पितळ: सफाई व देखभाल

समई काळवंडली की आपण पितळ घासायला घेतो, पण दोष बहुतेक वेळा वातीत असतो. वात ओलसर, जाड, फार घट्ट वळलेली किंवा चोचीतून गरजेपेक्षा पुढे आलेली असली की ज्योत धूर सोडते, तो धूर दांडीवर आणि शिखरावर बसतो, त्यावर तेलाचा हात फिरतो आणि आठ-दहा दिवसांत असे किटण तयार होते की ते खरवडताना पितळाची झीज होणारच. गोव्यात हा त्रास अधिक जाणवतो, कारण जून ते सप्टेंबर या काळात हवा इतकी दमट असते की कोरडा म्हणून डब्यात ठेवलेला कापूसही हाताला ओलसर लागतो, आणि श्रावण, चवथ (गणेश चतुर्थी) व गावोगावचे भजनी सप्ताह नेमके त्याच महिन्यांत येत असल्यामुळे समई सर्वांत जास्त वेळ तेवते तीही तेव्हाच. माझ्या आजीच्या समईवरचा मोर आज नुसता गोळा दिसतो. त्याचे डोळे, पिसे आणि तुरा दर आठवड्याच्या घासण्यात गेले. म्हणून मी आधी वातीविषयी लिहिते, आणि पितळ घासण्याचा विषय त्यानंतर घेते.

वातीसाठी कापूस घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरकी काढलेल्या कच्च्या कापसाच्या तंतूंवर मुळातच मेणासारखा पातळ थर असतो आणि त्यामुळे तो तेल सावकाश पितो. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या कापसावरचा हा थर काढून टाकलेला असल्यामुळे तो तेल चटकन ओढतो. दोन्ही चालतात, मात्र कच्च्या कापसाची वात लावण्यापूर्वी निदान तासभर तेलात बुडवून ठेवावी, नाहीतर पहिल्या काही मिनिटांत तेलाऐवजी कापूसच जळतो आणि टोकाला जी कठीण काजळी धरते ती पुढे तेलाची वाट अडवते. बाजारातल्या तयार वातींपैकी काहींत कृत्रिम धागा मिसळलेला असतो. पुडा आणला की एक वात चिमट्यात धरून कोरडीच पेटवून पाहावी: शुद्ध कापूस जळलेल्या कागदासारखा वास देतो आणि मागे बोटाने चुरडणारी मऊ राख ठेवतो, तर कृत्रिम धागा आक्रसतो, वितळतो आणि काळा टणक मणी होऊन बसतो. असा मणी दिसला तर तो पुडा समईसाठी वापरू नये.

वात वळताना बोटांना चिमूटभर राख लावली तर कापूस निसटत नाही. कापसाची पट्टी आधी बोटांनी विंचरून गाठी आणि सरकीचे कण काढावेत, मग तळहातावर एकाच दिशेने फिरवून सुमारे 3 ते 4 मिलिमीटर जाडीची सारखी वात करावी. पीळ किती द्यायचा हे हातालाच कळते. वात दोन बोटांत दाबली तर ती किंचित दबली पाहिजे आणि सोडल्यावर पुन्हा फुगली पाहिजे. याचे कारण असे की तेल तंतूंच्या आतून नव्हे, तर तंतूंमधल्या बारीक पोकळ्यांतून वर चढते. पीळ फार घट्ट झाला तर पोकळ्याच उरत नाहीत, आणि फार सैल झाला तर पोकळ्या इतक्या मोठ्या होतात की त्या तेल वर खेचू शकत नाहीत. लांबी ताटलीच्या मध्यापर्यंत पोहोचेल इतकी असावी. बहुतेक घरगुती समयांना 8 ते 10 सेंटिमीटर पुरतात. ताटलीत वात सरळ पसरू द्यावी, तिची गुंडाळी करू नये, आणि पाच वाती लावायच्या असतील तर त्या मध्यभागी एकमेकींवर चढणार नाहीत याकडे लक्ष द्यावे.

वात कितीही चांगली असली तरी तेल दाट किंवा जुने असेल तर ती काही करू शकत नाही. गोव्यात खोबरेल सहज हाताशी असते आणि ते समईला उत्तमही आहे, कारण ते सुकून चिकट होत नाही. तिळाच्या तेलाचा पातळ थर हवा आणि उष्णता लागून हळूहळू वार्निशासारखा घट्ट होतो, तसे खोबरेलाचे होत नाही. पण खोबरेल सुमारे 24 अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या पूजेला ताटलीत पांढरा गोठलेला थर दिसतो तो याचमुळे. अशा वेळी वात पेटवली तर टोकाजवळचे थोडे तेल वितळते, मागचे घट्टच राहते, आणि ज्योत वातीलाच खाऊन धुमसत विझते. त्या दोन महिन्यांत मी निम्मे खोबरेल आणि निम्मे तिळाचे तेल वापरते. उरलेल्या वर्षात नुसते खोबरेल पुरते. आमच्या किनारपट्टीवर पूर्वी उंडीच्या बियांचे कडू तेल दिव्यांसाठी वापरत, आणि अजून ते कुठे मिळाले तर जरूर वापरावे, मात्र बंद खोलीत नव्हे, कारण त्याला उग्र वास असतो. तळणीचे उरलेले तेल समईत कधीही ओतू नये: त्यातले जळके कण वातीच्या पोकळ्या बुजवतात. तसेच तेलात रॉकेल मिसळणे धोक्याचे आहे आणि कापराची पूड टाकल्याने धूर वाढतो.

रोजची निगा दोन-तीन मिनिटांची आहे आणि ती चुकवली नाही तर महिनाभर समई घासावी लागत नाही. पेटवण्यापूर्वी, समई थंड असताना, वातीच्या टोकावरची काजळी चिमट्याने अलगद दाबून तोडावी आणि कागदात घ्यावी. ती ताटलीत पडू दिली तर दुसऱ्या दिवशी तेलातून वातीत शिरते. टोक चोचीच्या कडेपुढे साधारण 5 मिलिमीटर ठेवावे. ज्योत स्थिर, पिवळी आणि टोकाला निमुळती दिसली की माप बरोबर आहे. तिच्या शेंड्यातून काळी रेघ वर जात असेल तर वात काडीने किंचित मागे सारावी. तेल काठोकाठ भरू नये, चोचीच्या तळापेक्षा थोडे खाली ठेवावे, आणि ते निम्म्यावर येण्याआधी पुन्हा घालावे, कारण पातळी जितकी खाली जाते तितके तेलाला वर चढायचे अंतर वाढते, ज्योत लहान होते आणि वात करपू लागते. तडतड आवाज आला तर तेलात किंवा कापसात पाणी आहे असे समजावे. पावसाळ्यात वातींचा डबा घट्ट झाकणाचा असावा, आणि ऊन पडेल त्या दिवशी वाती ताटात पसरून तासभर अंगणात ठेवाव्यात. ऊनच नसेल तर स्वयंपाक झाल्यावर बंद केलेल्या चुलीशेजारी ठेवल्या तरी कोरड्या होतात.

सप्ताहात किंवा घरच्या अनुष्ठानात समई अखंड ठेवायची असेल, तर जुनी वात संपेपर्यंत थांबू नये. तेलात भिजलेली नवी वात जुन्या वातीच्या बाजूने त्याच चोचीत सरकवावी, तिचे टोक जुन्या ज्योतीवर धरावे, ती नीट पेटली आणि तेल ओढू लागली की मगच जुनी वात चिमट्याने मागे ओढून काढावी. हे काम रात्री झोपेच्या भरात करू नये. पाळीवर असलेल्या दोघांपैकी एकाने झारी धरावी आणि दुसऱ्याने वात बदलावी.

आता पितळ. सफाईला घेण्याआधी समईला लोहचुंबक लावून पाहावे. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असल्यामुळे त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर ती पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी समई आहे आणि तिला आंबट पदार्थ लावल्यास मुलामा निघून गंज धरेल. अशी समई नुसत्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी. चकचकीत पारदर्शक लेप दिलेल्या नव्या समयांनाही हेच लागू आहे.

समई पूर्ण थंड झाल्यावर उरलेले तेल ओतून घ्यावे. ते हिरवट दिसत असेल तर दचकू नये, पण ते अंगाला लावू नये किंवा पुन्हा वापरूही नये. जुन्या तेलातल्या आम्लांनी पितळातले तांबे विरघळवल्यामुळे तो रंग येतो. मग समईचे भाग आट्यांवरून सोडवावेत. आटे अडकले असतील तर पक्कड लावू नये, सांधा कढत पाण्यात पाच मिनिटे बुडवावा म्हणजे आतले तेल सैल होते, आणि दोन्ही बाजूंना कोरडे फडके गुंडाळून पीळ द्यावा. आधी जुन्या वर्तमानपत्राने तेल जितके पुसता येईल तितके पुसून काढावे.

यापुढचा क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी चिकटा, नंतर डाग. चिकटा क्षाराने निघतो आणि डाग आम्लाने निघतात, आणि तेलाचा थर असताना चिंच किंवा सोले (आमसुले) घासली तर आम्ल पितळापर्यंत पोहोचतच नाही. आपण जोर वाढवतो आणि नक्षी झिजवतो. म्हणून स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या घमेल्यात एक लिटर कढत पाण्याला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून भाग पंधरा मिनिटे बुडवून ठेवावेत. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, सोड्याने ते काळे पडते. पूर्वी हेच काम चुलीची राख करत असे, कारण लाकडाच्या राखेतही क्षार असतो. नंतर चोचींत आणि आट्यांत दात घासायचा जुना ब्रश फिरवावा व बाकीच्या भागांवर सोडण, म्हणजे नारळाचा काथ्या, वापरावा. तारेची घासणी पितळाजवळ आणू नये.

चिकटा गेल्यावर पाणी पितळावर थेंब न धरता सलग पसरते. तसे झाले की मगच आंबट लावावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली सोले कोमट पाण्यात भिजवून त्यांचा लगदा करावा, किंवा चिंचेचा कोळ घ्यावा, आणि बोटांनी गोल फिरवत दोन-तीन मिनिटे चोळावा. काळपट पितळाखालून पिवळा रंग उमलताना दिसतो, आणि तो दिसला की तिथेच थांबावे. एका चवथीच्या आदल्या रात्री मी ताटली आगळात, म्हणजे कोकमाच्या आंबट रसात, बुडवून झोपले आणि सकाळी ती गुलाबी निघाली. आम्लाने जस्त आधी ओढून घेतले होते आणि पृष्ठभागावर तांबेच उरले होते. राख लावून किती तरी दिवस घासल्यावर तो रंग कमी झाला, पूर्ण गेला नाही. आगळात मीठही असते, आणि मीठ पितळावर राहिले तर हिरवे डाग पडतात, विशेषतः समुद्राजवळच्या घरांत. त्यामुळे आंबट कोणतेही असो, वाहत्या पाण्याखाली तीनदा धुवावे आणि शेवटच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा.

धुतलेली समई वाऱ्यावर सुकायला ठेवणे चुकीचे आहे, कारण पाण्याचे थेंब जिथे सुकतात तिथे डाग राहतात. सुती फडक्याने लगेच पुसावी, आट्यांतले पाणी फडक्याच्या टोकाला पीळ देऊन टिपावे आणि दहा मिनिटे उन्हात किंवा गरम चुलीशेजारी ठेवावी. भाग जोडण्याआधी आट्यांना खोबरेलाचे एक बोट लावले तर पुढच्या वेळी ते सहज सुटतात. तेलाने माखलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्यांत आपोआप उष्णता साठून ती पेटू शकतात. ती मोकळी पसरून सुकवावीत किंवा सोड्याच्या पाण्यात धुवावीत. वर्षातून दोन-तीनदा अशी सफाई पुरेशी आहे, आणि एरवी कोरड्या फडक्याने पुसणे. जुन्या कोरीव समईवर जो तपकिरी रंग मुरलेला असतो तो मी काढत नाही. नव्यासारखी लखलखीत करण्याच्या हौसेपायी नक्षी गमावण्यात अर्थ नाही.

चवथीला समई मांडताना वर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली पानाफळांची चौकट, असते हे विसरू नये. पहिल्या दिवशी तिच्यातली पाने, फळे आणि वेली ताजी असतात, पण पाचव्या दिवसापर्यंत पाने सुकून खाली लोंबू लागतात. समई माटोळीच्या चौकटीच्या बाहेर, पडद्यापासून आणि पंख्याच्या झोतापासून दूर, रुंद पितळी परातीत ठेवावी, म्हणजे सांडलेले तेल जमिनीवर जात नाही. ताटलीतल्या तेलानेच पेट घेतला तर पाणी अजिबात ओतू नये, त्याने जळते तेल उडते. ताटली झाकेल एवढे स्टीलचे झाकण समईशेजारी आधीच ठेवावे आणि ते बाजूने सरकवून वर ठेवून ज्योत कोंडावी.