रात्री चोर शिरला तर हाताशी काय असावं

उशाशी कोयता नाहीतर सुरी ठेवून झोपणारे बरेच आहेत, पण अंधारात झटापट झाली की तीच हिसकावून आपल्यावर उलटते. त्यापेक्षा दोन-अडीच फुटांचा बांबूचा दांडका ठेवा, लांब काठी खोलीत फिरवताच येत नाही, कपाटाला अडकते, आणि मुठीला सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळा म्हणजे घामाने सटकत नाही. शेजारी टॉर्च, थेट डोळ्यांवर मारायचा. आणि स्टीलचं ताट नि पळी, हसू नका, खरं काम हेच करतं, अख्खी चाळ जागी होते.

आधी कडी लावून ११२ ला फोन, दांडका शेवटी. चोर पळायला लागला तर मागे धावून बडवू नका, भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे पण गरजेपुरताच.