पांडवलेणीपासून पामीरपर्यंत: स्टेप (मोठी गवताळ मैदानं) आणि डोंगराळ सीमेवरच्या लोकांचा इतिहास वाचायला सुरवात कशी करायची

ओळखीतली मुलं नेहमी विचारतात की ताई, मध्य आशियातले कझाक, किर्गिज, कॉकेशसच्या डोंगरांतले चेचेन, ओसेटियन ही नावं बातम्यांत येतात पण डोक्यात काही बसत नाही, कुठून सुरवात करू. मी बरीच वर्षं नोकरी सांभाळून हे वाचतेय, बरंच चुकीच्या क्रमाने वाचलं आणि खूप वेळ गेला, म्हणून मला जी पद्धत लागू पडली ती सांगते. एकच गोष्ट डोक्यात ठेवा, देशाच्या नावाने सुरवात करायची नाही, लोकांच्या नावाने करायची. तिथल्या बऱ्याच सीमा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या आहेत, लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं राहतात.

पहिला धडा आपल्या नाशकातच आहे. ऊन चढायच्या आत पांडवलेणीवर जा आणि सरळ १० नंबरच्या लेण्यात शिरा. तिथं क्षहरात घराण्याचा क्षत्रप (राज्यकर्ता) नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत (व्यावसायिकांच्या संघात) २००० कार्षापण नाणी ठेवली, महिन्याला शेकडा एक व्याज, त्यातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची, असा चोख हिशोब भिंतीवर कोरलाय. हा माणूस स्वतःला शक म्हणवतो. शक म्हणजे मूळचे मध्य आशियाच्या गवताळ पट्ट्यातले, घोड्यांवर आणि कळपांवर जगणारे लोक. पण नाव बघा, उषवदात म्हणजे ऋषभदत्त, बायको दक्षमित्रा, आणि दान बौद्धांनाही आणि ब्राह्मणांनाही. त्याच लेण्यात पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे, त्यात विष्णुदत्ता नावाची बाई, शक अग्निवर्म्याची मुलगी, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे पैसे ठेवते. मी पहिल्यांदा हे समजून घेतलं तेव्हा त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होते. स्टेपवरून आलेल्या लोकांची लेक, आणि तिची काळजी काय तर आजाऱ्यांचं औषध.

आता तिथून ३ नंबरच्या लेण्यात या. तिथं गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा मुलगा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी शक, यवन (ग्रीक), पल्हव (पार्थियन) यांचा नाश करणारा आणि क्षहरातांचा वंश संपवणारा असं त्यात लिहिलंय. म्हणजे एकाच डोंगरावर, दोन-चार मिनिटांच्या अंतरावर, दोन्ही बाजू. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून जास्त नाणी सापडली आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा परत मारलेला होता. कुठल्याही लोकांबद्दल वाचताना ही सवय लावा, जिंकणाऱ्याने काय लिहिलं ते वाचलं की त्या लोकांनी स्वतःबद्दल काय लिहिलं ते शोधायचंच.

दुसरं काम, एक जाड वही घ्या आणि प्रत्येक लोकसमूहाला एक पान द्या. पानाच्या वर सगळ्यात आधी ते स्वतःला काय म्हणतात ते लिहा, दुसऱ्यांनी दिलेलं नाव त्याच्या खाली. चेचेन स्वतःला नोख्ची म्हणतात, चेचेन हे नाव एका गावावरून रशियनांनी रूढ केलं. ज्यांना बाकीचं जग सर्केशियन म्हणतं ते स्वतःला अदिगे म्हणतात. ओसेटियन हे नाव जॉर्जियन भाषेतून आलं, त्यांच्यातले बहुतेक जण स्वतःला इरोन म्हणतात. आणि सगळ्यात जास्त फसवणारं म्हणजे किर्गिज, जुन्या रशियन कागदांत आणि त्यावरून लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकांत किर्गिज लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा कझाक असतात, खऱ्या किर्गिजांना तेव्हा कारा-किर्गिज म्हणायचे, आणि हे सरकारी पातळीवर १९२५ च्या सुमारास सुधारलं. मला हे माहीत नव्हतं म्हणून माझ्या सहा महिन्यांच्या नोट्स उलट्यापालट्या झाल्या होत्या, सगळ्या परत लिहिल्या.

तिसरं, भाषेचं कुळ ओळखायला पाच हा आकडा विचारा. ताजिकमध्ये पांज, पामीरमधल्या वाखी भाषेत पांझ, ओसेटियनमध्ये फोन्ज, आपल्या पाचशी नातं लगेच ऐकू येतं. कझाकमध्ये बेस, किर्गिजमध्ये बेश, हे तुर्की कुळ. मंगोलमध्ये ताव, काल्मिकांचंही त्याच कुळातलं, कारण ते १७ व्या शतकात पूर्वेकडून व्होल्गाच्या काठी गेलेले ओइरात मंगोल आहेत. चेचेनमध्ये प्खी, त्याचं यातल्या कशाशीच जुळत नाही, कॉकेशसची स्वतःची कुळं वेगळी. पण भाषेचं नातं म्हणजे रक्ताचं नातं नाही हं. ओसेटियन आणि वाखी या शकांच्या भाषेच्या नात्यातल्या भाषा आहेत एवढंच म्हणता येतं, यावरून अमुक जात शकांची वंशज असले फॉरवर्ड आले की पुढे पाठवू नका, लोकांची मनं दुखावतात आणि हातात पुरावा काहीच नसतो.

मॅप घ्यायचा तर नद्या, डोंगर, गवत दाखवणारा घ्या. कझाक कुटुंबं वर्षात चार जागा बदलायची, हिवाळ्याची किस्ताऊ, उन्हाळ्याची जाइलाऊ, मध्ये वसंताची आणि शरदाची वेगळी. मेंढरं घेऊन पाऊस संपला की कोकणाकडे उतरणारे आपले धनगर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे समजवावं लागत नाही, वाट आणि चराई हीच त्यांची जमीन.

मग एकच समूह निवडा आणि महिनाभर तोच धरा. मी वाखी निवडले होते. ते स्वतःला खिक म्हणतात, बहुतेक शिया मुसलमानांमधल्या इस्माइली पंथाचे, आणि आज चार देशांत आहेत, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तानातलं गोजाल आणि चीनमधला ताश्कुरगान. का, तर ब्रिटिश आणि रशियन साम्राज्यांना एकमेकांना टेकायचं नव्हतं, म्हणून १८९५ मध्ये पामीरच्या डोंगरांतली हद्द आखून मधली चिंचोळी वाखान पट्टी अफगाणिस्तानला दिली गेली. नदीच्या दोन्ही काठांवर एकच भाषा आणि मध्ये सरहद्द.

वहीत शेवटचा कॉलम लोकांना जबरदस्तीने घरदार सोडून उठवल्याच्या तारखांचा ठेवा, तो भरताना त्रास होतो पण तो रिकामा ठेवून बाकी काही नीट कळत नाही. १९३७ मध्ये सोव्हिएत सरकारने अतिपूर्वेतल्या साधारण १ लाख ७० हजार कोरियन लोकांना कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेलं. मग कॉकेशसमधले कराचाय नोव्हेंबर १९४३, काल्मिक डिसेंबर १९४३, चेचेन आणि इंगुश २३ फेब्रुवारी १९४४ पासून, मिळून सुमारे पाच लाख माणसं, बाल्कर मार्चमध्ये, क्रिमियन तातार मे मध्ये. बहुतेकांना परतायला १९५७ उजाडलं, क्रिमियन तातारांना तर १९८० चं दशक संपत आलं तेव्हा. ज्या कझाकांच्या जमिनीवर यातले कितीतरी जण उतरवले गेले त्यांनी स्वतः १९३० ते ३३ च्या दुष्काळात दहा लाखांहून जास्त माणसं गमावली होती, कळप सरकारने काढून घेतले आणि फिरत्या लोकांना जबरदस्तीने एका जागी बसवलं म्हणून. ही दोन पानं वहीत शेजारी शेजारी ठेवा.

आणि एक, वंशावळ दिसली की बाजूला टाकू नका. कझाक मुलाला सात पिढ्यांच्या पूर्वजांची नावं पाठ यावी लागतात, त्याला जेती अता म्हणतात, सात पिढ्यांच्या आत लग्न नाही, आणि पूर्ण वंशावळीला शेजिरे. त्र्यंबकला किंवा रामकुंडावर आपल्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन घराण्याची वही एकदा उघडायला सांगा. कोण कधी आलं, कुठलं गाव सांगितलं, कुठलं नाव पुढे आलंच नाही, हे त्या पानावर बोट ठेवून वाचा आणि मग शेजिरे वाचायला घ्या.