भूकंप, ज्वालामुखी आणि मुंबई: समजुतीतल्या या चुका टाळा

मुंबईखालचा खडक ज्वालामुखीतून आलेला आहे, पण मुंबईखाली ज्वालामुखी नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे दगडी खांब पाहून किंवा वज्रेश्वरी-गणेशपुरीचं गरम पाणी पाहून अनेकांना वाटतं की खाली अजून काहीतरी धुमसतंय. तो लाव्हा थंड होऊन सहा कोटींहून जास्त वर्षं झाली. आज हिंद महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थळावरून (खोलवरून उष्णता वर येणारी जागा) तेव्हा भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा प्रचंड तुकडा) सरकत होता. भूपट्ट उत्तरेकडे निघून गेला, उष्णतेचा स्रोत मागेच राहिला. गरम झऱ्यांचं पाणी पावसाचंच असतं. ते भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि वर येतं. भारतातला जागता ज्वालामुखी पाहायचा तर अंदमानातलं बॅरन बेट गाठावं लागेल.

‘भूपट्टाची सीमा आहे, म्हणजे ज्वालामुखी असणारच’

भूगोलाच्या परीक्षेत गुण इथेच जातात. हिमालयात दोन्ही बाजूंना खंडीय कवच (जमिनीखालचं जाड, हलकं कवच) आहे. तिथे टक्कर होते, मोठे भूकंप होतात, पण ज्वालामुखींची रांग नाही. कॅलिफोर्नियातल्या सान आंद्रियास भेगेवर भूपट्ट एकमेकांना घासत बाजूने सरकतात. तिथेही भूकंपच.

ज्वालामुखींची रांग उभी राहते ती सागरी भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो तिथे. ‘घर्षणाने खडक वितळतो’ असं उत्तर सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. बुडणारा भूपट्ट सोबत पाणी घेऊन जातो. साधारण १०० किमी खोलीवर ते वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात) शिरतं, तिथल्या खडकाचा वितळणबिंदू खाली येतो आणि शिलारस (वितळलेला खडक) तयार होतो. आणखी एक दुरुस्ती: भूपट्ट लाव्हाच्या समुद्रावर तरंगत नाहीत. प्रावरण जवळजवळ सगळं घनच आहे, फक्त अतिशय संथपणे वाहतं.

‘आपण सीमेपासून लांब आहोत’

लांब आहोत, पण भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर सरकतोय आणि हिमालयापाशी अडतोय. तो ताण भूपट्टाच्या पोटातल्या जुन्या भेगांपर्यंत पोचतो. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरलं, तिथे जलाशयाच्या पाण्याने आधीच ताणलेली भेग सरकली असं मानलं जातं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्क्यांची मालिका सुरू झाली. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई झोन ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका. समुद्राकडूनही आपण पूर्ण मोकळे नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

‘६.२ आणि ७.७ मॅग्निट्यूडमध्ये फरक तो किती?’

हिशोब सोपा आहे. दोन आकड्यांची वजाबाकी करा, १.५ ने गुणा, आणि १० चा तेवढा घात काढा. किल्लारी ६.२, भुज (२००१) ७.७. फरक १.५, गुणाकार २.२५, म्हणजे भुजच्या भूकंपात सुमारे १७८ पट ऊर्जा. तरीही किल्लारीत हजारो माणसं गेली, कारण भूकंप उथळ होता, वेळ पहाटेची होती आणि घरं दगडमातीच्या जड भिंतींची होती. मॅग्निट्यूड भूकंपाचा आकार सांगतो. तुमच्या पायाखाली किती हादरेल हे अंतर, खोली आणि जमीन ठरवते. खडकावरच्या इमारतीपेक्षा भरावाच्या किंवा खाडीच्या गाळाच्या जमिनीवर हादरे वाढतात.

सोसायटीत काय बघायचं

भुजच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून २०० किमीहून लांब होतं, तरी तिथे बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या अनेकींच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी भिंती नव्हत्या, नुसते खांब होते. वरचे मजले ताठ आणि खालचा लवचीक असला की सगळं वाकणं त्या खांबांवरच येतं. आपल्याकडच्या स्टिल्ट पार्किंगचं (खांबांवर उभ्या मोकळ्या तळमजल्याचं) दुखणं नेमकं हेच. दुकानासाठी तळमजल्याची भिंत पाडणं किंवा नूतनीकरणात खांब-तुळई तासणं, हे परवानगी असल्याचं सांगितलं तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय होऊ देऊ नका.

मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) बंधनकारक आहे. मात्र त्यात बहुधा काँक्रीटची झीज आणि सळयांचा गंज पाहिला जातो. भूकंपाचा आडवा भार इमारत पेलेल का, हे वेगळं विचारा. तळमजल्याच्या खांबांना जॅकेटिंग (भोवती नवं काँक्रीट-सळयांचं वेष्टन) किंवा नव्या काँक्रीट भिंतींची गरज आहे का, हेही अहवालात लिहून मागा.

हादरे सुरू असताना जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नका. खिडकीपासून दूर, भक्कम टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. थांबल्यावर गॅस बंद करा आणि जिन्यानेच खाली उतरा.